बोंड फुटताना

दिवाळीच्या तोंडावर रामाजी आणि पंचफुला मोठा टीव्ही घ्यायला सौंसरहून पांढुर्ण्याला आले. दुकानाच्या भिंतीवर सगळे टीव्ही सुरूच होते. पंचफुला एकेकाची रुंदी विचारत होती. रामाजीचा जीव मात्र शेतात. कापूस वेचायचा पडला होता.

तेवढ्यात सगळ्यात मोठ्या टीव्हीवर कपाशीचं एक बोंड दिसलं. हिरवं कवच तडकलं, आतलं ओलसर पांढरं हललं आणि घडी घातलेला कापूस धागा धागा सोडत बाहेर आला. रामाजीचा हात आपसूक डोक्याकडे गेला आणि त्यानं टोपी काढली. सारा जन्म कापसात गेला, पण बोंड फुटताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. सकाळी जावं तर ते फुटलेलंच असायचं.

"हाच घे वं," तो त्या टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टीव्ही लावायला माणूस आला, तर रामाजी घरात नाही. पंचफुला तणतणत शेतात गेली. तो कपाशीच्या एका झाडापुढे उकिडवा बसला होता.

"अवो, तो मानूस वाट पाहून राह्यला!"

"हळू बोल," रामाजी म्हणाला. "हे फुटून राह्यलं."

भांडायला तोंड उघडलेली पंचफुला तशीच त्याच्याजवळ खाली बसली.