गालाला लावलेला कापूस

काल गादीवाल्यानं कापसाचं पोतं सोडलं, तो कोंदट वास आला आणि मी यवतमाळच्या कॉलेजातल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिले.

कापसाचे भाव पडलेले ते दिवस. वजन वाढवायला पाणी मारलंय का, हे बघायला नेरच्या बाजारात व्यापारी प्रत्येक गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचे. कापूस गॅमा किरण किती शोषतो हे मोजायला मी घरचाच कापूस नेला होता. हातभर लांब नळीत आधी तो सैल भरला, मग ठासून. ठासल्यावर दर सेंटिमीटरचं शोषण दुप्पट आलं.

सरांनी माझ्याकडे अगदी व्यापाऱ्यासारखं पाहिलं. "पाणी मारलं काय यात?"

"आमच्या घरी कापसाले पाणी नाही मारत, सर." माझे कान तापले होते. मी दोन्ही आकड्यांना आपापल्या घनतेनं भागलं. उत्तर एकच आलं. कापूस तोच होता, फक्त दाटी वाढली होती.

सरांनी मान हलवली, आणि तरीही नळीतून चिमूटभर कापूस काढून गालाला लावला. "कोरडा आहे," ते पुटपुटले. गणित मांडूनही यांचा संशय जात नाही, हे मला कितीतरी वर्षं डाचत राहिलं.

पुढे मीच हा प्रयोग शिकवू लागले तेव्हा कळलं, घनतेनं भागल्यावर पाण्याचा आकडाही जवळजवळ कापसाइतकाच येतो. कापूस ओला असता तरी माझा भागाकार तसाच जुळला असता. त्या दिवशी माझ्या बाजूनं साक्ष दिली होती ती फक्त सरांच्या गालानं.