बँडमास्तरांच्या नाचऱ्या पेशी

"बाई, नाचताहेत! सगळ्याच्या सगळ्या नाचताहेत!"

धारचे नाना वैद्य मायक्रोस्कोपला डोळा लावून ओरडले आणि दाराबाहेर ताटकळत असलेली मंडळी एकदम आत घुसली. देवासच्या सरकारी इस्पितळातली माझी तपासणीची खोली म्हणजे एक टेबल, एक खिडकी आणि रंगांच्या बाटल्यांचं कपाट. त्यात अर्धा पोलीस बँड मावणं शक्य नव्हतं. तरी मावला. क्लॅरिनेटवाला कपाटाला टेकला, ढोलवाला खिडकीत चढून बसला.

"क्या नाच रिया है, भिया?" ढोलवाल्याने विचारलं.

"मास्तरांच्या पेशी! जवान झाल्या!" नाना म्हणाले.

पेशी म्हणजे ज्या सूक्ष्म कप्प्यांचं आपलं शरीर बनलेलं असतं, ते कप्पे. गालाच्या आतल्या बाजूला हलकेच काडी फिरवली की त्या काडीला चिकटून येतात. काचेवर पसरायच्या, रंगाचा थेंब टाकायचा आणि बघायचं. त्या नाचत नाहीत. मला हे ठाऊक होतं, पण ऐकतंय कोण? बँडवाल्यांनी तोवर दौलतराव मास्तरांना उचलून धरलं होतं आणि मास्तर वरून ओरडत होते, "अरे खाली ठेवा, टोपी पडली!"

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते. संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झाला होता. आमच्या देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन दरबार, म्हणून बँडही दोन. ते एक करून पोलिसांकडे दिले. नव्या राज्यात पंचावन्न झाली की घरी बसायचं. पण दरबारच्या नोकरांपैकी कितीतरी जणांकडे जन्माचा कागदच नाही. मग त्यांचं वय ठरवायचं काम मेडिकल बोर्डाकडे आलं. बोर्ड म्हणजे ग्वाल्हेरकडचे सिव्हिल सर्जन साहेब आणि त्यांच्या शेजारी एक डॉक्टर. तपासण्या करून द्यायला मी, इंदूरहून शिकून नुकतीच आलेली.

दौलतराव थोरल्या पातीचे बँडमास्तर. वय विचारलं की म्हणायचे, "दरबारात हत्तीण आली तेव्हा मी चालायला लागलो होतो." हत्तीण कधी आली, हे तिघांना विचारलं तर तिघांनी वेगवेगळं सांगितलं. हत्तीण केव्हाच मेली होती, नाहीतर तिलाच विचारलं असतं.

दिसायला मात्र गृहस्थ फाकडू. ताठ पाठ, काळ्याभोर मिशा. मिशा कलपाच्या होत्या, पण पाठ खरी. त्याचं सगळं श्रेय नानांच्या रसायनाला. आयुर्वेदात रसायन म्हणजे म्हातारपण लांबवणारं औषध. नाना ते आवळा, पिंपळी, वंशलोचन, तूप आणि मध घालून धारला शिजवायचे. 'वयःस्थापन' हा त्यांचा लाडका शब्द. वय आहे तिथे थोपवून धरणारं, असा त्याचा अर्थ. माणसाचं शरीर पेशींचं असतं असं नानांनी कुठेतरी ऐकलं आणि त्यांना वाटलं, मग आपलं रसायन तिथवर पोचतं हे डॉक्टरांच्याच यंत्रातून सिद्ध करावं. म्हणून ते बसने धारहून आले होते.

मास्तरांना पेन्शनची चिंता नव्हती. ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, हे माझं पितळी कॉर्नेट सरकारी आहे. रिटायर झालो की जमा करावं लागणार."

"दुसरं घ्या की."

"दुसरं कसं चालेल? माझ्या ओठांना हेच ठाऊक आहे. सच्ची सांगतो, सकाळी हे वाजवलं नाही तर माझा दिवस सुरूच होत नाही."

हे म्हणताना एवढा मिशाळ माणूस रडवेला झाला होता. मला त्यांची फार दया आली. पण दयेवर रिपोर्ट लिहिता येत नाही.

तर, नाचणाऱ्या पेशी. मंडळींना कसंबसं बाहेर काढलं आणि मी स्वतः बघितलं. पेशी होत्या, अगदी मुकाट पडलेल्या. त्यांच्या आजूबाजूला बारीक गोल थेंब मात्र थरथरत होते, सारखे जागच्या जागी उड्या मारत. काडी हुंगली. पिंपळीचा वास!

"मास्तर, मी तुम्हाला चूळ भरायला लावली होती ना? नंतर काही खाल्लंत?"

उत्तर दारातून आलं, त्यांच्या बायकोकडून. काकू पदर सावरत म्हणाल्या, "मीच दिलं. परीक्षेला जाताना हातावर दही-साखर ठेवतात, तसं. दह्यानं घसा बसतो त्यांचा, म्हणून रसायन ठेवलं. चांगलं भरपूर ठेवलं."

म्हणजे नाचत होतं ते तूप. पाण्यात कुठल्याही गोष्टीचा अगदी बारीक कण सोडला, तर पाण्याचे न दिसणारे रेणू त्याला सगळीकडून धक्के देतात आणि तो थरथरतो. त्यात जीव लागत नाही की जवानी लागत नाही. पण हे मी सांगेपर्यंत बातमी बाजारात पोचली होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात ही रांग! कचेरीतले कारकून, एका सुभेदारांच्या सासूबाई, टोंकखुर्दचे एक पटेल. प्रत्येकाच्या ओठांना रसायन, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, "आमच्या नाचतात का बघा." सासूबाईंच्या फार जोरात नाचल्या. त्या सुनेकडे बघून अशा हसल्या की सून घाबरली. नानांनी आणलेल्या बरण्या संपल्या. मी सगळ्यांना तुपाचं सांगत होते आणि सगळे मान डोलावून म्हणत होते, "हो हो, पण नाचतंय ना?"

तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. आता आपली कानउघाडणी होणार, असं समजून गेले. साहेबांनी आधी दार लावून घेतलं.

"डॉक्टर, ये क्या तमाशा है?"

"सर, वो घी है। मैं समझा रही हूँ, मगर कोई मानता नहीं।"

"हाँ, घी तो होगा ही।" साहेबांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "फिर भी, ज़रा मेरा भी देख लो।"

त्यांच्या मिशीला आवळा लागलेला होता. मी हसू आवरायला खिडकीकडे तोंड केलं, पण खांदे हलायचे ते हललेच.

बोर्डाच्या दिवशी सकाळी मी नाना आणि मास्तर दोघांना बोलावलं. काकूंना आधीच सांगून ठेवलं, हातावर आज काही नाही. पहिल्या काचेवर फक्त पाणी आणि थेंबभर तूप घोटून टाकलं. नानांनी डोळा लावला. मग पोट धरून हसायला लागले.

"म्हणजे बाई, मास्तर नाही, तूप जवान आहे!"

मग मास्तरांकडून माझ्या समोर चूळ भरून घेतली आणि नवी काच केली. शेजारी माझ्या गालाची काच ठेवली. दोन्हींत तशाच मुकाट, फरशांसारख्या पेशी.

"सारख्याच!" नाना पुन्हा उसळले. "म्हणजे मास्तर तुमच्या वयाचे!"

"तसं नाही, नाना. गालाच्या आतली कातडी सारखी झडते आणि नवी येते. ऐंशीच्या माणसाचीही थोड्या दिवसांचीच असते. तिच्यावरून वय कळत नाही."

"मग कशावरून कळतं?" मास्तरांनी विचारलं.

मी त्यांच्या हातात आरसा दिला. डोळ्यातल्या काळ्या बुबुळाच्या कडेने वयाबरोबर एक पांढुरकं कडं धरत जातं. मास्तरांचं पुरतं धरलेलं होतं. दातांची झीजही तेच सांगत होती. मास्तरांनी आरसा खाली ठेवला आणि म्हणाले, "खोटं लिहू नका, बाई. तुमची नवी नोकरी आहे." मला फार वाईट वाटलं.

मी खरं तेच लिहिलं. बोर्डाने वाचलं, पंचावन्न उलटून गेली, यात वाद नव्हता. मास्तरांनी काखेतली कॉर्नेटची पेटी टेबलावर ठेवली. "इथेच जमा करू?"

साहेबांनी पेटीकडे बघितलं. "पहले एक बार बजाओ।" आणि स्टेथोस्कोप घेऊन उठले.

मास्तरांनी कॉर्नेट ओठांना लावलं. साहेबांनी त्यांच्या छातीवर नळी टेकवली आणि सूर निघाला. साहेब दोन्ही कान धरून मागे उडाले ते खुर्चीत! सूर थांबेना. वॉर्डातले रोगी व्हरांड्यात आले. नर्स आली. बाहेर बँडवाले होतेच, ढोलवाल्याने हातातल्या डब्यावर ठेका धरला आणि नाना वैद्य, साठीचे गृहस्थ, धोतर सावरत नाचू लागले. मीही टाळ्या पिटत होते. इस्पितळात असला गोंधळ मी पुन्हा कधी बघितला नाही.

"बस, बस!" साहेब हसून हसून लाल झाले होते. "उमर तो जितनी है उतनी ही लिखेंगे। मगर ये फेफड़े घर बिठाने लायक नहीं हैं।"

त्यांनी रिपोर्टाखाली लिहिलं की हा माणूस रिटायर व्हावा, पण नव्या पोलिसांना बँड शिकवायला ठेवून घ्यावा. वरून मंजुरी आली. नियमाप्रमाणे मास्तरांनी सकाळी कॉर्नेट स्टोअरमध्ये जमा केलं आणि दुपारी शिक्षक म्हणून तेच परत घेतलं. मधला सगळा वेळ ते स्टोअरच्या पायरीवर बसून होते. काकूंनी जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत.

रसायनाने माणूस तरुण राहतो का, हे मला आजही सांगता येणार नाही. तसं सिद्ध करणारी काच माझ्या हाताखालून कधी गेली नाही. पण मायक्रोस्कोपखाली काही फार आनंदाने नाचताना दिसलं, की मी आधी रोग्याच्या बायकोला विचारते, निघताना हातावर काय ठेवलंत.