दुपारी बरी असणारी पाठ

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि हसून म्हणाले, "बधाई हो, बीमारी शांत है. इसको रेमिशन कहते हैं." माझ्या मणक्यातला हा संधिवात, ज्याने माझं मान वळवणंच बंद केलं, तो म्हणे शांत झाला! शांत तर मांजरही बसते, उंदराच्या बिळापाशी. त्यांनी वाकायला सांगितलं, मी बऱ्यापैकी वाकलो, ते खूश.

घरी, आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी तुमाले कधी पाह्यलं? दुपारी. सकाळी पाहाले सांगा ना."

खरंच की! दवाखान्यात जायचं म्हणून मी पहाटेच उठतो, गरम पाण्याने पाठ शेकतो, आखडलेलं अंग मोकळं होईस्तोवर गल्लीत चालतो, मग इस्त्रीचा शर्ट घालतो. डॉक्टरांपुढे नीटनेटकं जावं, ही आमच्या घरची शिकवण. तिथे आजारी दिसायची आम्हाला लाज वाटते.

पुढच्या खेपेला मी सकाळचा पहिला नंबर लावला. शेक नाही, चालणं नाही, शर्ट कालचाच. तपासायच्या खाटेवरून उठताना मला डॉक्टरांचाच हात धरावा लागला. त्यांनी पुन्हा रिपोर्ट पाहिला, मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"रिपोर्ट तो बढ़िया है," ते म्हणाले. "घर में कोई टेंशन है क्या?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यापुढे खराखुरा गेलो होतो, आणि त्यांना संशय आला तो माझाच.