आगाशे यांची फाइल

फणसवाडीत तीस वर्षं दवाखाना चालवून माझं एक मत पक्कं झालंय. अडाणी पेशंट परवडला, रिटायर्ड हेडक्लार्क नको. अडाणी माणूस औषध घेत नाही आणि तसं सांगून मोकळा होतो. हेडक्लार्क फाइल दाखवतो.

रमाकांत आगाशे माझ्या दवाखान्यासमोरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. बारा वर्षांचा मधुमेह. उभी हयात सरकारी कचेरीत गेली आणि तिथे ते एकच विद्या शिकले. इन्स्पेक्शनच्या आधी आठ दिवस कपाटं आवरायची, साहेब गेले की पुन्हा पाय पसरून बसायचं. तीच विद्या त्यांनी स्वतःच्या रक्ताला लावली. दर तीन महिन्यांनी मी उपाशीपोटी शुगर तपासायला सांगायचे. त्याआधी आठ दिवस गोड बंद, भात बंद, सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी चौपाटीपर्यंत चालणं, आणि गोळी एकाऐवजी दोन. रिपोर्ट यायचा एकशे आठ. तो फाइलला लावून, पान नंबर घालून माझ्या टेबलावर ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर प्रमोशन मिळाल्याचा आनंद असायचा. त्याच संध्याकाळी स्वारी पियूष प्यायला बाहेर. हे सगळं मला त्यांच्या बायकोने, नलूताईंनी, फार उशिरा सांगितलं.

ऑक्टोबरात मी त्यांना फ्लूची लस घ्यायला सांगितलं. "शुगर वाढलेली असली की शरीराला व्हायरसशी नीट झुंजता येत नाही, रमाकांतराव. साधा फ्लूही जड जातो, मागोमाग न्यूमोनिया होतो."

त्यांनी फाइल उघडली. "एकशे आठ, डॉक्टर. कंट्रोलमधल्या माणसाला लस कशाला? ती द्या त्या बेशिस्त लोकांना."

कागदाचा इतका माज मी दुसऱ्या कुणाच्या अंगात पाहिलेला नाही.

जानेवारीत त्यांच्या घरात फ्लू शिरला. आधी नऊ वर्षांची नात, नूपुर. चौथ्या दिवशी ती गॅलरीत दोरीवरच्या उड्या मारत होती. मग मुलगा शंतनु पाच दिवस झोपून होता. नलूताईंनी आठवडाभर खोकत खोकत स्वयंपाक केला. शेवटी रमाकांतराव. व्हायरस तोच, खोल्या त्याच दोन.

जिना उतरला की माझं दार. पण ते आले नाहीत. ताप आलेल्या मधुमेही माणसाचं बोट टोचून मी तिथल्या तिथे शुगर बघते हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांची तयारी झालेली नव्हती. अचानक तपासणी या माणसाला मंजूरच नव्हती. नलूताई मला बोलवायला निघाल्या तर म्हणाले, "चार दिवस थांब. जरा पथ्य होऊ दे, मग दाखवू." आणि ते चार दिवस काय केलं, तर दर दोन तासांनी गवती चहाचा काढा, गूळ घालून. वर जेवण जात नाही म्हणून गोळ्या बंद. कपाळावर हात मारायचा तरी किती वेळा?

पाचव्या दिवशी शंतनु धावत आला. मी वर गेले तर रमाकांतराव पलंगावर बसून धापा टाकत होते, ओठ निळे पडलेले. बोट टोचलं. चारशे साठ.

"काढ्यामुळे... असेल," ते म्हणाले. श्वास घ्यायला दम पुरत नव्हता, खुलासा द्यायला मात्र पुरला.

हॉस्पिटलात दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया निघाला. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक रक्ताची टेस्ट असते, तिच्यापुढे आठ दिवसांच्या कारल्याची मात्रा चालत नाही. साडेसहाच्या वर गेली की मधुमेह. यांची अकराच्या वर आली. नवव्या दिवशी, व्हेंटिलेटरवरच, रमाकांतराव गेले.

मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा मनात दुःखापेक्षा राग जास्त होता, आणि तो अजून गेलेला नाही. नलूताईंनी ती फाइल माझ्यासमोर ठेवली आणि कारली, दुप्पट गोळ्या, पियूष, सगळं सांगितलं. "तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला," त्या म्हणाल्या. मी तोंडाला येईल ते बोलणार होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पण डॉक्टर, ती तीन महिन्यांची टेस्ट तुम्ही आधी का नाही करून घेतलीत?"

दोनदा सांगितली होती. दोन्ही वेळा ते म्हणाले, "एकशे आठ असताना उगाच कशाला?" आणि मी सोडून दिलं. त्यांच्या पायाची जखम वर्षभर भरत नव्हती, ती मी दर वेळी बघत होते, मलम लिहून देत होते. मला शंका होती. पण बाहेर वीस पेशंट ताटकळलेले असायचे, आणि चांगल्या रिपोर्टचा माणूस दोन मिनिटांत हातावेगळा होतो.

"माझं चुकलं, नलूताई," मी म्हटलं.

त्या एकेक करून फाइलची पानं उलटत राहिल्या. प्रत्येक रिपोर्टखाली माझी सही होती, आणि सहीच्या वर, माझ्याच अक्षरात, 'उत्तम'.