राजाच्या छातीवरचे हूक

आमच्या पनवेलच्या घरमालकांइतका बटणांचा द्वेष करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. नव्वद सालच्या आसपास त्यांच्या इमारतीत आम्ही भाड्याने राहायला गेलो. खारघरकडची त्यांची भातशेती नव्या शहरात गेली होती, तिच्या पैशांतून ही इमारत उभी राहिली होती, आणि लावणी-कापणी न उरलेल्या हातांना त्यांनी शिलाई मशीन दिलं होतं. शिवायचे ते एकच, गावच्या जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकाचे अंगरखे. अंगरख्याला बाहेरून कापडी बंद बांधलेले दिसायचे, पण ते नुसते शोभेचे. तलवारबाजीत गाठ सुटली तर राजाची अब्रू जायची, म्हणून खरी पकड आत, एका पट्टीखाली दडवलेल्या हुकांची. "राजाच्या छातीवर लोखंड दिसलं का राज्य गेलं!" हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की ते मला शाळेच्या इतिहासातलंच वाटू लागलं.

एका लग्नात आम्ही स्टेजवर भेटायला गेलो, तर आशीर्वाद द्यायचं सोडून मालकांनी नवऱ्यामुलाच्या शेरवानीचा काठ उलटून पाहिला आणि "नुसती टिचबटनं मारलीत" असं मला, पण सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा बेताने, सांगितलं. पुढचे सगळे फोटो नवऱ्यामुलाने छातीवर हात ठेवून काढून घेतले. मालकांची स्वतःची सफाई अशी, की पट्टी कुठे उलटायची हे त्यांनाच ठाऊक. एका वर्षी प्रधान झालेल्या गावच्या शाळामास्तरांना नाटकानंतर अंगरखा उघडताच येईना, आणि मालक तर घरी निघून गेलेले. मास्तर दुसऱ्या दिवशी एसटीने पनवेलला आले ते प्रधानाच्याच वेषात. कंडक्टरने उठून जागा दिली म्हणे. मालकांनी दोन बोटं घालून त्यांना मोकळं केलं आणि वर म्हणाले, "घाई कशाला केलीत मास्तर, शोभत व्हता तुमाला."

या नाटकात राजा मात्र कायम एकच, मालकांचा धाकटा भाऊ. तो समोरच्या इमारतीत राहायचा. जमिनीच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं ते झालंच. पण राजाचा अंगरखा दुसऱ्या कुणी शिवावा, हे दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही. भाऊ सकाळी उघड्या अंगाने गॅलरीत दात घासायला आला, की मालक इकडून नजरेनेच माप घ्यायचे. "औंदा दोन बोटं सुटलाय," एवढाच शेरा. नाटकाच्या दिवशी हूक लावायला मात्र समोरासमोर उभं राहणं भाग होतं. तिथे मध्ये मी. हातभर अंतरावरून मालक मला म्हणायचे, "राजाला सांगा, श्वास धर." राजा मला म्हणायचा, "शिंप्याला सांगा, हात गार हाईत." बँकेच्या काउंटरवर बसूनही मला इतकं महत्त्व कधी मिळालं नव्हतं.

मग एका वर्षी भावाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मालक मुंबईला बघायला गेले नाहीत. "मी कशाला जाऊ?" म्हणाले. पण रोज संध्याकाळी आमच्या दारात येऊन विचारायचे, "समोर बत्ती लागली काय?" त्यांच्या स्वतःच्या गॅलरीतून समोरचं दिसत नसल्यासारखं! भाऊ न बोलताच गेला तर, ही भीती त्यांना खात होती. मशीनवरचं फडकंसुद्धा त्या दिवसांत निघालं नाही. भाऊ बरा होऊन आला, पण आता गॅलरीत शाल गुंडाळून बसायचा, त्यामुळे माप कळेना. जत्रा जवळ आली तसा त्याने मंडळाला निरोप धाडला की राजा मीच. डॉक्टरांनी तलवार नको म्हटल्यामुळे त्या वर्षीचं युद्ध पडद्याआड करायचं ठरलं. मालकांनी अंगरखा जुन्या मापाने, अंदाजाने शिवला.

रंगपटात भावाने सदरा काढला, तेव्हा गळ्याखालून पोटाकडे उतरत गेलेली टाक्यांची रेघ दिसली. मालकांचे हूक नेमके त्याच रेघेवर येत होते. ते बघतच राहिले. बाहेर पहिली घंटा झाली. मालक ट्रंकेवर बसले, ब्लेडने आपलीच पट्टी उसवली आणि अंगरख्याचं तोंड पार डाव्या बगलेखाली नेऊन शिवायला घेतलं. भाऊ इतका वाळला होता की कापड पुरलं. दुसरी घंटा झाली, मंडळाचा माणूस येऊन ओरडून गेला, पण यांनी मान वर केली नाही. शेवटी अंगरखा चढवून, कडेचे हूक लावून त्यांनी भावाच्या छातीवर तळहात हलकेच टेकवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "टोचतंय काय रं?"

राजाने सवयीने माझ्याकडे पाहिलं. "शिंप्याला सांगा..." एवढं म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "नाय, दादा. नाय टोचत."

मी बाहेर जाऊन प्रेक्षकांत बसलो. नाटक काय झालं ते मला आठवत नाही, डोळे सारखे भरून येत होते. पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि पनवेल सुटलं. नसती झाली तरी त्या दोघांच्या मध्ये उभं राहायला आता कुणाची गरज नव्हती. त्याचा आनंद मला अजून आहे. पण खरं सांगतो, त्या मधल्या जागेची अधूनमधून आठवणही येते.