वाटेवरच्याला हाक

मी गाव सोडलं ते नेमकं येळवशीच्या दिवशी. तिकीट काढताना पंचांग बघायचं सुचलंच नाही. लातूर-उदगीरबाहेरच्यांसाठी सांगते: मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे अख्खं गाव शेतात जातं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारून पूजा करतं आणि दिवसभर तिथंच जेवतं. दुकानं बंद, गल्ल्या ओस. रस्त्याने जो कुणी जाईल त्याला हाक मारून पंगतीत बसवायचं, ओळख असो नसो. भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली गार आंबील. नाही म्हणायची सोय नाही.

आई डबा भरायला लागली तर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला थांबवलं. "येळवशीला डबा घिऊन कोन निघतंय? वाटंवर कुनीबी जेवू घालंल." मी परदेशी जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. तेही त्यांनी एकदाच विचारलं होतं, "हितं काय कमी हाय?"

नांदेडला रेल्वे गाठायची म्हणून काळीपिवळीत बसले. जीप आमच्याच शेतावरून गेली. अण्णा बांधावर उभे राहून एका अनोळखी सायकलवाल्याला बोलावत होते, "ओ पाव्हनं, या की जेवाया!" मग त्यांची नजर माझ्यावर पडली. हात अर्धा वर केला आणि तसाच खाली घेतला. मला हाक मारली नाही. पुढच्या गावात कुणीतरी आमची जीप अडवली आणि ड्रायव्हरसकट सगळे उतरून जेवलो. अण्णांचा शब्द खरा ठरला.

नंतरची आठ वर्षं फिनलंडमध्ये गेली. दर रविवारी फोन व्हायचा. अण्णा हरभऱ्याचं, सोयाबीनचं, म्हशीचं सांगायचे. "ये" असं एकदाही म्हणाले नाहीत. बोलावल्याशिवाय मीही जाणार नव्हते. ताठा दोघांचा एकाच वाणाचा, त्यामुळे भांडण असं कधी झालंच नाही.

इथे मला सायकलचा नाद लागला. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात असताना नदीकाठी संध्याकाळी चालवायचे तेवढाच पूर्वानुभव. इथे हिवाळ्यात टायरला बारीक खिळे असतात, म्हणून बर्फावर घसरत नाही. पाण्याची बाटली उलटी लावायची, म्हणजे तोंडाशी बर्फ धरत नाही. फोन छातीशी ठेवायचा, नाहीतर थंडीने बॅटरी मरते. एवढं सगळं शिकल्यावर मागच्याच्या मागच्या वर्षी नाताळात दोन दिवसांची एकटीची सफर ठरवली. चोवीस डिसेंबरला निघायचं, साठ किलोमीटरवरच्या भाड्याच्या लाकडी खोलीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. थर्मल, जादा ट्यूब, दोन दिवे, सूर्यास्ताची वेळ, सगळं लिहून काढलं. जेवण तेवढं घेतलं नाही. आठवलं नाही असं नव्हे. सणाच्या दिवशी रस्त्यावर माणूस उपाशी राहू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तोवरचे सगळे नाताळ मी शहरात झोपून काढले होते.

दुपारी बाराला दुकानं बंद झाली. पेट्रोल पंपावरचं कॅन्टीन बंद, हॉटेलं बंद. उणे अकरा तापमान, दोन्हीकडे स्प्रूसची झाडं, घराघरांच्या खिडक्यांत दिवे. एवढी घरं मागे पडली, एकाही दारातून हाक आली नाही. पस्तीस किलोमीटरवर भुकेने आणि थंडीने बोटं बधिर झाली. ब्रेक दाबतेय की नाही ते कळेना. तेव्हा मी घाबरले, हे कबूल करते.

एका गावात चर्चशेजारच्या दफनभूमीत माणसं दिसली. नाताळच्या आदल्या दिवशी इथले लोक आपल्या गेलेल्यांपाशी मेणबत्त्या लावतात. बर्फात शेकडो ज्योती होत्या. मी फाटकाशी सायकल धरून उभी राहिले. कुणीतरी बोलावेल म्हणून बराच वेळ उभी राहिले. शेवटी एका म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन मोडक्या फिनिशमध्ये विचारलं, खायला काही आहे का? आयुष्यात पहिल्यांदा मागून खाणार होते, लाजेने कान तापले.

बाई गाडीकडे गेल्या. थर्मासमधली गरम तांदळाची खीर आणि आलुबुखाऱ्याच्या मुरंब्याची चांदणीच्या आकाराची दोन बिस्किटं आणली. मी खाताना म्हणाल्या, "मी तुला मघापासून बघत होते. पण तू काही विचारलं नाहीस."

बाईंच्या गाडीत बसून हात शेकत मी अण्णांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. येळवस पाच-सहा दिवसांवर आली होती आणि ते कोपीसाठी कडबा निवडून आले होते. इकडचं काही न सांगता मी एकदम विचारलं, "अण्णा, त्या दिवशी सगळ्यांना हाक मारलीत. मला का नाही?"

अण्णा म्हणाले, "घरच्या मान्साला कुटं आवतन देतेत का, बाई? हाक वाटंवरच्याला मारायची. तुला मारली असती तर तू बी वाटंवरचीच झाली असतीस की." आणि वर म्हणाले, "आठ वर्सं म्हनून राहिलोय, ही इचारीना कशी, येऊ का म्हनून."

मी रडले. बाई समोरची काच पुसत राहिल्या.

उरलेले पंचवीस किलोमीटर मी सायकलनेच गेले. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले आणि बोलावण्याची वाट बघत बसलेत, त्यांना एवढंच सांगेन की एकदा विचारून बघा. काहीजण हाक मारत नाहीत, त्याची कारणं आपल्याला वाटतात ती नसतात.

गेल्या येळवशीला मी कुणाला न कळवता गेले. फाट्यावर उतरून पायीच शेताकडे निघाले. अण्णा बांधावर उभे होते, वाकले होते बरेच. मी दिसले तशी त्यांनी कपाळावर हाताची सावली धरली, पक्कं ओळखलं. मग माझ्या मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याकडे बघून ओरडले, "ओ पाव्हनं, या की जेवाया!"

मला हाक मारली नाही. मी चपला काढल्या आणि कोपीत जाऊन आईशेजारी वाढायला बसले.