भेटीचा शर्ट

धाकट्या भावाला भेटायला मी आळंदहून शहरातल्या मनोरुग्णालयात जाते, तेव्हा वॉर्डातला एक सेवक त्याला हाताला धरून बाहेर आणतो. केसांना तेल, अंगात निळा शर्ट. "अक्का, बघा, कसा नवरदेव दिसायलाय!" दर वेळी हेच. बोलता बोलता भावाची कॉलर नीट करत राहतो. मला बरं वाटायचं.

एकदा पिशवी विसरले म्हणून परत फिरले. तोच निळा शर्ट तो दुसऱ्या पेशंटला घालत होता. त्या पेशंटची आई भेटीला येऊन बाहेर बसली होती. भाऊ उघडाच भिंतीशी उभा.

"काय करू अक्का, धड शर्ट एवढा एकच हाय," सेवक म्हणाला.

आता दर भेटीत मी जायला उठले, की भाऊ आपणहून गुंड्या काढायला लागतो.